कॉलराचं विष पेशीत शिरून नेमकं काय बिघडवतं?

पेशीला ते मारत नाही, तिचा एक स्विच चालूच ठेवतं. आतड्याच्या पेशीत जीएस नावाचं प्रथिन असतं. निरोप आला की त्याला जीटीपी हा छोटा रेणू चिकटतो आणि ते चालू होतं; जीटीपी तुटला की बंद. विषाचा ए१ तुकडा या प्रथिनावर एडीपी-रायबोज नावाचा रासायनिक गट डकवतो आणि हे तुटणंच थांबतं. प्रथिन चालूच राहिलं की सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू साचत जातो, सीएफटीआर ही क्लोराइडची दारं उघडी राहतात, क्लोराइडमागोमाग सोडियम आणि पाणी बाहेर. गंभीर रुग्ण तासाला १ लिटरपर्यंत पाणी गमावतो!

डांग्या खोकल्याचं विष उलट बाजूने येतं, ते सायक्लिक एएमपी बनण्याला ब्रेक लावणाऱ्या जीआय प्रथिनालाच निकामी करतं.

कॉलरात ग्लुकोजसोबत सोडियम आत घेणारी वाट मात्र शाबूत राहते. म्हणूनच ओआरएस, म्हणजे साखर-मिठाचं पाणी, जीव वाचवतं.