दागिने गहाण ठेवण्यापूर्वी

प्रश्न : माझ्या साडेचार वर्षांच्या मुलाला सहा महिन्यांपूर्वी स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. स्पीच थेरपी व ऑक्युपेशनल थेरपी सुरू आहे. ओळखीच्या एका पालकांच्या सांगण्यावरून महिन्यापूर्वी गहू आणि दूध बंद केले. त्यानंतर तो तीन नवे शब्द बोलला. आता दुसऱ्या शहरातील एका केंद्राने काही लाखांचा स्टेम सेल (इतर पेशी तयार करू शकणाऱ्या मूळ पेशी) उपचार सुचवला आहे. ‘आत्ताच करा, नंतर उपयोग नाही’ असे ते म्हणतात. माझे दागिने गहाण ठेवण्याचे घरात चालले आहे. काय करावे? — एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, दागिने गहाण ठेवू नका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मान्य उपयोग सोडले, तर स्टेम सेलचा वापर केवळ मंजूर वैद्यकीय चाचणीतच करता येतो, आणि चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. तुमच्याकडून लाखो रुपये मागितले जात आहेत, यातच त्या केंद्राविषयीचे उत्तर आहे. लवकर सुरुवात करण्याला महत्त्व आहे हे खरे, पण ते मुलाला शिकवण्याच्या बाबतीत. या स्टेम सेल उपचाराच्या बाबतीत नव्हे.

तीन नव्या शब्दांचा आनंद मी हिरावून घेऊ इच्छित नाही. मात्र ते शब्द आहारामुळे आले, सहा महिन्यांच्या थेरपीमुळे आले, की मूल वाढत असल्यामुळे आले, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. 1998 मध्ये सिक्रेटिन या पचनाशी संबंधित संप्रेरकाने काही स्वमग्न मुले सुधारल्याचे वृत्त अमेरिकेत पसरले आणि असंख्य पालक त्यामागे धावले. पुढच्याच वर्षी 60 मुलांवरील चाचणीत काहींना सिक्रेटिन व काहींना नुसते मिठाचे पाणी टोचले, तेव्हा दोन्ही गटांत सुधारणा जवळजवळ सारखीच दिसली. हा निष्कर्ष सांगितल्यानंतरही त्यांतील 69 टक्के पालकांचा त्या औषधातील रस कायम होता. या पालकांना मी भोळे म्हणणार नाही; आपल्या लेकराकडे आशेने पाहणाऱ्या कोणाचेही असेच होते.

म्हणून एका वेळी एकच बदल करावा. तो करण्यापूर्वी दोन आठवडे वहीत नोंदी ठेवाव्यात : दिवसभरात स्वतःहून किती शब्द वापरले, झोप किती, हट्ट किती वेळा. किती दिवसांनी निर्णय घ्यायचा ती तारीखही आधीच लिहावी. शक्य असल्यास बालवाडीच्या बाईंना बदलाविषयी न सांगता त्यांचे निरीक्षण विचारावे. गहू-दूध बंद केल्याने स्वमग्नतेत सुधारणा होते याचा पुरावा कमकुवत आहे आणि ही मुले मुळातच मोजके पदार्थ खातात. त्यामुळे त्याचे वजन पाहून, कॅल्शियमविषयी बालरोगतज्ज्ञांशी बोलून मगच पुढे ठरवा. त्यांनी हरकत घेतली नाही, तर पोळी पुन्हा सुरू करून वहीत काय दिसते ते पाहा.

दुसरे मत हवे असल्यास नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील (मेडिकल) किंवा मिहानच्या एम्समधील बालरोग विभागात दाखवावे. स्पीच थेरपिस्ट व विशेष शिक्षक यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात संकोच नको. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, थेरपिस्ट तुम्हाला आत बसू देतात का आणि घरी काय करायचे ते शिकवतात का? दार बंद करून पाऊण तासाने मूल हाती देणाऱ्या ठिकाणी मी माझे मूल नेले नसते. जेवताना ‘अजून’ म्हणण्याची वाट पाहणे, अंघोळीच्या वेळी ‘पाणी’ म्हणवून घेणे, हे रोजचे काम तुम्हीच करू शकता. त्यासाठी घरची मराठी सोडून इंग्रजी बोलण्याची गरज नाही.

खर्चासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विमा योजनेत नाव नोंदवा. तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे आणि थेरपीचा काही खर्चही त्यातून मिळू शकतो. घरातील मोठ्यांना माझे उत्तर वाचून दाखवा आणि केंद्राला फोन करायचाच असेल, तर मंजूर चाचणीचा नोंदणी क्रमांक लेखी मागा.