लिदीचा रिपोर्ट क्लिअर आलाय, तरी घोड्याचं टेपवर्मसाठी (आतड्यातल्या चपट्या पट्टकृमीसाठी) रक्त तपासावं का?

तपासा. तुमचे यार्डवाले, म्हणजे घोडा ठेवता तिथले तबेलेवाले, म्हणतात ना, 'लिदीत अंडी शून्य, मग रक्तावर पैसे कशाला घालवता', अगदी हेच मीही ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आमची घोडी इथे इंग्लंडमध्ये, चेशरला, लिव्हरी यार्डवर (पैसे घेऊन घोडे सांभाळणाऱ्या तबेल्यात) असते. लिदीचा रिपोर्ट दरवेळी उत्तम, यार्डच्या बाई तो बोर्डवर लावायच्या. आणि ऑटममध्ये हिला कॉलिक (घोड्यांची पोटदुखी) सुरू झालं, पुढच्या पायाने जमीन उकरतेय, मान वळवून कुशीकडे बघतेय, बसतेय, उठतेय, घामाने निथळतेय, व्हेटने येऊन पेटके थांबवायचं इंजेक्शन दिलं की शांत, आणि काही आठवड्यांनी परत तेच. बाईंचं ठाम मत, गवत बदललं म्हणून. मी व्हेटना म्हटलं रक्त घ्या, टेपवर्मचं बघा, तर बाई माझ्यासमोर त्यांना म्हणाल्या की ही नेटवर काहीबाही वाचते. रिपोर्ट 'हाय' आला.

अहो, टेपवर्मची अंडी लिदीत सापडणं हा नशिबाचा भाग आहे. हा किडा लहान आतडं सीकमला (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीला) मिळतं तिथे चिकटून बसतो, अंडी त्याच्या अंगाच्या तुकड्यांत भरलेली असतात आणि ते तुकडे अधूनमधूनच सुटतात. रेडवर्मसाठी (आतड्यातल्या दुसऱ्या जातीच्या किड्यांसाठी) लिदीतली अंडी मोजणं योग्यच, मीही मोजून घेते. पण टेपवर्मबद्दल त्या शून्याला काही अर्थ नाही. रक्तात बघतात ते किडा जी प्रथिनं सोडतो त्यांच्याविरुद्ध घोड्याच्या शरीराने तयार केलेल्या अँटीबॉडी. ही टेस्ट लिव्हरपूलला प्राउडमन आणि ट्रीझ यांनी बसवली, आणि १९९८ च्या त्यांच्या अभ्यासात पेटक्यांच्या कॉलिकपैकी २२ टक्के आणि लहान आतड्याचं शेवटचं टोक तुंबून होणाऱ्या कॉलिकपैकी ८१ टक्के केसेस टेपवर्मशी जोडलेल्या निघाल्या. एवढं माहीत असताना रक्त न तपासणं हा मला शुद्ध हलगर्जीपणा वाटतो.

आणि औषध. यार्डवर सगळ्या घोड्यांना नुसतं आयव्हरमेक्टिन दिलं जायचं, त्याने टेपवर्म मरतच नाही. प्राझिक्वांटेल लागतं, नाहीतर पायरँटेलचा डबल डोस, तोही वजन मोजून, अंदाजाने नाही. आमच्या घोडीला प्राझिक्वांटेल दिलं आणि त्यानंतर कॉलिक झालं नाही. एका घोडीवरून काही सिद्ध होत नाही हे मान्य, पण बाईंच्या गवतावरून तर त्याहून काही होत नाही.

हां, एक राहिलंच. किडे मेले तरी अँटीबॉडी रक्तात काही महिने राहतात, त्यामुळे 'हाय' म्हणजे आत्ता किडे आहेतच असं नाही, आणि औषधानंतर लगेच परत रक्त घेऊन घाबरू नका, निदान चार महिने जाऊ द्या. लाळेची टेस्टही मिळते, तिचा आकडा त्यामानाने लवकर खाली येतो आणि सुईही लागत नाही. शिंगराचं रक्त मात्र लहानपणी तपासू नका, आईच्या चिकातून आलेल्या अँटीबॉडी दिसतात.

यार्डवाल्यांना सांगा, त्या कुरणावरच्या सगळ्याच घोड्यांची टेस्ट करा, कारण गवतातले माइट्स नावाचे बारीक जीव खाऊन टेपवर्म सगळ्यांनाच होऊ शकतो. आणि ते गवताचं कारण पुढे करू लागले तर चाऱ्याची वही मागा. मी मागितली होती. दोन्ही वेळच्या कॉलिकच्या आधी गवत बदललेलंच नव्हतं.