अलंकार ओळखल्यानंतरचं काम

प्रिय मित्रा,

सप्रेम आशीर्वाद.

तुझी टिपणं वाचली. कवितेच्या जवळपास प्रत्येक ओळीपुढे समासात तू एकेक संज्ञा लिहिली आहेस: उपमा, अनुप्रास, चेतनगुणोक्ती, प्रतीक. बहुतेक बरोबर आहेत. पण संज्ञा लिहून झाली की तुझं वाचन तिथेच थांबतं. ती उपमा त्या ओळीत काय करते आहे, ती नसती तर काय गेलं असतं, याबद्दल एक अक्षर नाही. संज्ञा शिकायच्या त्या याच प्रश्नासाठी.

एक साधं वाक्य घेऊ. 'त्याचा आवाज वाळूसारखा खरखरीत होता.' उपमेचे चारही घटक इथे हजर आहेत: आवाज हे उपमेय, वाळू हे उपमान, खरखरीतपणा हा साधारण धर्म (म्हणजे दोघांतला समान गुण) आणि 'सारखा' हा साम्यवाचक शब्द. आता 'खरखरीत' काढून टाक. 'त्याचा आवाज वाळूसारखा होता.' उपमा शाबूत आहे, फक्त एक घटक लपला. शास्त्रात तिला लुप्तोपमा म्हणतात. पण वाचकाच्या वाट्याला केवढं काम आलं बघ. वाळू कोरडी असते, उन्हात तापते, मुठीतून निसटते, दातांखाली कचकचते. यातलं त्या आवाजाला काय लावायचं, ते आता वाचक ठरवणार.

आणखी पुढे जा. 'त्याच्या घशातून जणू वाळूच सरकत होती' ही उत्प्रेक्षा. 'जणू' आहे तोवर ही कल्पना आहे याचं भान सुटत नाही. 'त्याच्या आवाजाची वाळू माझ्या कानांत साठत गेली' हे रूपक. इथे आवाज आणि वाळू यांत फरक उरलाच नाही. 'हा आवाज नव्हेच, ही वाळू आहे' म्हटलं की झाली अपन्हुती, आणि तिच्यात समोरची गोष्ट नाकारण्याचा हट्ट आला. माणूस तोच, आवाज तोच. बदललं ते हे, की सांगणारा किती ठामपणे बोलतोय आणि त्या माणसाचा त्याला किती त्रास होतोय. तुझ्या टिपणात मला हे वाचायचं आहे.

अलंकारांच्या लांबलचक याद्यांना घाबरू नकोस. भरताच्या नाट्यशास्त्रात चारच अलंकार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. पुढच्या शतकांत फोडी पडत गेल्या आणि अलंकारशास्त्रकार अप्पय्य दीक्षितांपर्यंत संख्या शंभराच्या पुढे गेली. त्यातल्या कितीतरी साम्यावरच उभ्या आहेत. उपमा नीट कळली की त्या आपोआप सुटतात. आणि 11व्या शतकात काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याची व्याख्या करताना, क्वचित स्पष्ट अलंकार नसला तरी चालेल, अशी सोय ठेवली आहे. तेव्हा एखाद्या ओळीत काही सापडलं नाही तर ओढून-ताणून शोधू नकोस. तिसऱ्या कडव्यात तू तसं केलं आहेस.

त्या कडव्यासाठी तुला अलंकारापेक्षा शब्दशक्ती, म्हणजे शब्दाच्या अर्थ देण्याच्या तीन रीती, जास्त उपयोगी पडतील. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ. तो जिथे अडतो तिथे लक्षणा येते. 'गंगेवर गवळ्यांची वस्ती' हे शास्त्रातलं नेहमीचं उदाहरण: प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून आपण 'काठावर' असं समजतो. मग सरळ 'काठावर' असंच का म्हटलं नाही? कारण गंगेचं नाव घेतल्याने तिथला गारवा आणि पावित्र्य सुचतं. ते सुचणं म्हणजे व्यंजना. 'सूर्य मावळला' या दोन शब्दांत सरळ अर्थ कुठेच अडत नाही. तरीही गुराख्याला त्यातून गुरं वळवायची आठवण होते, चोराला आपली वेळ झाल्याचं कळतं आणि वाट पाहणाऱ्या प्रेयसीच्या छातीत धडधडतं. म्हणून व्यंग्यार्थ, म्हणजे असा सुचवलेला अर्थ, शोधताना आधी विचार: कोण बोलतंय, आणि कोणाला?

कथा वाचतानाही सुरुवात याच प्रश्नाने कर. 'मी' म्हणून बोलणारा निवेदक म्हणजे लेखक नव्हे. निवेदकाला न कळलेली गोष्ट वाचकाला कळावी, अशी योजना लेखक मुद्दाम करतो, आणि तो निसटता फरक टिपता येणं हा माझ्या मते कथा वाचण्यातला सर्वांत मोठा आनंद आहे. निवेदक आणि लेखक एकच मानलेस तर तो हातचा जाईल.

प्रतिमा आणि प्रतीक यांत तुझी गल्लत होते आहे. बंद दार एकदा डोळ्यांपुढे उभं राहिलं, त्याची गंजलेली कडी दिसली, तर ती प्रतिमा. तेच दार पुन्हा पुन्हा येऊन दर वेळी अर्थ जमवत गेलं आणि शेवटी दारापलीकडचं काही सांगू लागलं, तर ते प्रतीक. तू टिपणं काढलेल्या कवितेतला दिवा एकदाच येतो आणि फक्त उजेड देतो. त्याला प्रतीक म्हणायची घाई नको.

यमक-अनुप्रास कानाने कळतात. कविता मोठ्याने वाच, तेवढं पुरे.

आता तिसरं कडवं पुन्हा घे. समासात काहीही लिहू नकोस. त्याच्या दुसऱ्या ओळीतलं विशेषण झाकून ओळ वाच, मग उघडून वाच, आणि दोन वाचनांत काय बदललं ते चार-पाच वाक्यांत लिहून पाठव. संज्ञा आपण त्यानंतर लावू.

तुझा,
सर