बेस गिटारचा आवाज मधेच बसतो, पिकअप बदलू का?

प्रश्न: राजारामपुरीत राहतो, सेकंडहँड ॲक्टिव्ह बेस (आत बॅटरी असलेला) घेतलाय. दोन महिने मस्त वाजला, आता आवाज फाटतो आणि बारीक होत जातो. मित्राच्या गिटार अँपला लावला की तोपण फरफरतो. पिकअप बदलू का?

उत्तर: भावा, पिकअपला, म्हणजे तारांचं कंपन पकडणाऱ्या भागाला, हात लावू नकोस, आधी मागचं झाकण उघड आणि आतली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी बदल. ॲक्टिव्ह बेसचा प्रीअँप, म्हणजे आवाज वाढवणारं आतलं सर्किट, तिच्यावर चालतो आणि बहुतेक बेसमधे केबल जॅकमधे घातली की तो सुरू होतो, मग तू वाजव नाहीतर रंकाळ्यावर फिरायला जा, बॅटरी उतरतच राहते. सराव संपला की केबल काढायचीच.

अँपचं वेगळं आहे. बेसची मोकळी ई तार साधारण ४१ हर्ट्झला वाजते, गिटारच्या जाड ई पेक्षा पूर्ण एक सप्तक खाली, एवढा खर्ज गिटार अँपच्या स्पीकरला झेपत नाही, त्याचा कोन, म्हणजे पडदा, जोरात आतबाहेर हलतो आणि आवाज वाढवलास तर तो कोनच फाटायचा, आणि वस्तू मित्राची आहे रे. बेसचा अँप मिळेपर्यंत आवाज कमी ठेव, घरी हेडफोन अँप लाव. शाहूपुरीत आम्ही चौघं मिळून एकच बेस अँप पाळीपाळीनं वापरतो, कुणाची तार तुटली तर दुसरा आपल्या पिशवीतली काढून देतो, तूपण असे दोघंतिघं शोध, खरंच.

आणि पावसाळ्यात तारा फ्रेटवर (दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखरायला लागल्या तर घाबरू नकोस, दमटपणानं नेक, म्हणजे तो दांडा, हलते. ट्रस रॉड, म्हणजे नेकचा बाक जुळवणारी आतली सळई, एका वेळी पाव फेरीच फिरव, मग दिवसभर थांब.