वाचकांचे प्रश्न : लोव्हिस कोरिंटची आत्मचित्रे

प्रश्न : लोव्हिस कोरिंट या जर्मन चित्रकाराचे, सांगाड्याशेजारी उभे असलेले आत्मचित्र एका पुस्तकात पाहिले. त्यात मृत्यूची भीतीही दिसत नाही आणि उपदेशही दिसत नाही. मग सांगाडा कशासाठी? आणि या चित्रापर्यंत तो कोणत्या शिक्षणातून पोहोचला? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : आपण पाहिलेले तैलचित्र १८९६ सालचे असून ते आज म्युनिकच्या लेनबाखहाऊस संग्रहालयात आहे. त्या वर्षी कोरिंट अडतीस वर्षांचा झाला, आणि नावासोबत हे वयही त्याने कॅनव्हासवर लिहून ठेवले. चौकडीचा सदरा, गळ्यात टाय, जाडजूड मान आणि भरघोस मिशा अशा रोजच्या अवतारात तो आपल्याकडे रोखून पाहतो. मागे स्टुडिओची मोठी खिडकी आहे आणि तिच्या काचांतून शहराची छपरे दिसतात. सांगाडा थडग्यातून उठून आलेला नाही, तो शरीररचना शिकण्यासाठी चित्रशाळांत ठेवतात तसा टांगलेला आहे, आणि ज्या लोखंडी आधारावर तो लटकतो तो आधारही चित्रकाराने झाकलेला नाही.

या चित्राचा रोख कळण्यासाठी अर्नोल्ड ब्योक्लिन या स्विस चित्रकाराचे १८७२ सालचे आत्मचित्र शेजारी ठेवून पाहावे. तेथे मृत्यू चित्रकाराच्या कानाशी व्हायोलिन वाजवतो आणि चित्रकार काम थांबवून ते ऐकत राहतो. त्या काळच्या जर्मन रसिकांच्या परिचयाचे असलेले हे चित्र कोरिंटने जणू भरदिवसाच्या उजेडात आणून उभे केले. त्याचा मृत्यू काही वाजवत नाही आणि काही सांगतही नाही, तो खोलीतल्या सामानापैकी एक आहे. तरीही चित्र थट्टेवर जात नाही, कारण चित्रकाराचे मांसल, रक्ताने भरलेले डोके आणि ती पांढरी कवटी जवळजवळ एकाच उंचीवर आहेत आणि पाहणाऱ्याची नजर एकीवरून दुसऱ्यावर जाणे टळत नाही.

शिक्षणाविषयी थोडक्यात सांगतो. कोरिंटचा जन्म २१ जुलै १८५८ रोजी पूर्व प्रशियातील टापियाउ येथे झाला. वडिलांचा कातडी कमावण्याचा व्यवसाय होता, त्यामुळे सोललेली जनावरे त्याने लहानपणापासून पाहिली होती. १८७६ पासून क्योनिग्सबर्गच्या अकादमीत, १८८० पासून म्युनिकमध्ये, पुढे काही महिने अँटवर्पला आणि १८८४ ते १८८७ या काळात पॅरिसच्या अकादमी ज्युलियाँमध्ये बुगरो आणि रोबेर-फ्लरी यांच्या हाताखाली तो शिकला. पॅरिसने त्याला नग्न देहाचे अचूक रेखाटन दिले. बुगरोच्या चित्रांतली गुळगुळीत, संगमरवरी त्वचा मात्र त्याने कधी आपली मानली नाही. त्वचेखाली रक्त वाहते आहे असे वाटायला लावणारे रंगलेपन त्याने रुबेन्स आणि फ्रान्स हाल्स या सतराव्या शतकातील चित्रकारांकडून उचलले, आणि माझ्या मते तितकेच कत्तलखान्यांतूनही. १८९३ पासून त्याने खाटीकखान्याची चित्रे रंगवली. त्यांत लोंबणाऱ्या मांसावरचा ओला रंग ज्या वेगाने फिरवलेला आहे, तो वेग त्याच्या व्यक्तिचित्रांत यायला आणखी काही वर्षे लागली. खालच्या प्रश्नाच्या उत्तरात हा मुद्दा पुन्हा येणार आहे.

प्रश्न : कोरिंट दरवर्षी वाढदिवसाला आत्मचित्र करीत असे, असे वाचले. कधी तो चिलखत घालतो, कधी मद्यधुंद बॅकसभक्त (रोमन मद्यदेवतेचा भक्त) होतो. हा आत्मस्तुतीचा प्रकार नव्हे काय? (एक कलाशिक्षिका, नाशिक)

उत्तर : काही अंशी होताच, आणि तो त्याने लपवलाही नाही. १९०० च्या सुमारास म्युनिक सोडून तो बर्लिनला आला. म्युनिकच्या सेसेशन या बंडखोर चित्रकारांच्या संघटनेने त्याचे, बायबलमधील राजकन्येचे ‘सालोमे’ हे चित्र नाकारले होते, तर बर्लिनने ते डोक्यावर घेतले. तेथे त्याने चित्रकलेची शाळा काढली, शार्लोट बेरेंड ही त्याची पहिली विद्यार्थिनी पुढे त्याची पत्नी झाली, आणि १९०२ मध्ये त्याने हातात शॅम्पेनचा पेला घेऊन तिच्यासह स्वतःला रंगवले. ड्रेस्डेनच्या संग्रहातील, पत्नी सास्कियाला मांडीवर घेऊन पेला उंचावणाऱ्या रेम्ब्राँटची ती उघड आठवण आहे. यश मिळालेला माणूस यश साजरे करतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु वाढदिवसाच्या रिवाजाचे मोल वेगळे आहे. जुलै महिना, तोच आरसा, तेच डोके, आणि दरवर्षी एका वर्षाने वाढलेले वय. इतर विषयांत चित्र बदलले तर विषय बदलला की हात बदलला हे सांगणे कठीण असते. येथे विषय जवळपास स्थिर राहतो, म्हणून हाताचा बदल मोजता येतो. ‘चित्रकला शिकताना’ अशा आशयाचे एक पाठ्यपुस्तकही त्याने १९०८ मध्ये लिहिले होते; अशा माणसाला या मोजमापाची जाण नसेल असे मला वाटत नाही.

सोंगांबद्दल म्हणाल तर सगळीच सारख्या मोलाची नाहीत. १९०५ चा ओरडणारा बॅकसभक्त आणि १९११ चा झेंडा धरलेला योद्धा ही चित्रे मला ताणलेली वाटतात. छाती पुढे काढलेली आहे, पण चेहरा त्या भूमिकेत शिरत नाही. याउलट १९०३ च्या चित्रात तो कुंचले आणि पॅलेट घेऊन समोर उभा आहे आणि आपल्याकडे पाठ केलेली स्त्री त्याच्या छातीवर हात ठेवून टेकली आहे. तेथे कोणतेही सोंग नाही आणि तरीही शक्तीचा भास अधिक होतो. चिलखताची गोष्ट आणखी निराळी आहे. १९१४ मध्ये, महायुद्ध सुरू झाले त्या वर्षी, त्याने पूर्ण चिलखतात स्वतःला रंगवले. ते चित्र हाम्बुर्गच्या कुन्स्थालेमध्ये आहे. १९१८ मध्ये, जर्मनी हरत असताना, त्याने चिलखताचे सुटे भाग स्टुडिओच्या जमिनीवर पडलेले रंगवले. त्या चित्रात माणूस नाही. तरी मी ते त्याच्या आत्मचित्रांतच धरतो आणि बॅकसभक्तापेक्षा त्याला कितीतरी वरचे स्थान देतो.

प्रश्न : १९११ मध्ये पक्षाघात झाला नसता तर कोरिंट अखेरपर्यंत साधा वास्तववादीच राहिला असता आणि आजारामुळेच तो अभिव्यक्तिवादी (बाह्य रूपापेक्षा भावना रंगवणारा) झाला, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे मानावे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : हे विधान फार सोपे आहे, म्हणूनच ते टिकून राहिले आहे. घटना खरी आहे. डिसेंबर १९११ मध्ये, बर्लिन सेसेशनचा अध्यक्ष असताना, त्याला झटका आला आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. पुढे आयुष्यभर तो लंगडत चालला आणि हातांत कंप राहिला. १९१२ च्या सुरुवातीला पत्नीने त्याला हवापालटासाठी इटलीच्या किनाऱ्यावर बोर्दिगेराला नेले. वर्षाच्या आत तो उजव्या हाताने पुन्हा रंगवू लागला, आणि त्याच वर्षी त्याने बायबलमधला, शत्रूंनी आंधळा केलेला बलाढ्य वीर सॅमसन रंगवला. डोळ्यांवर रक्ताळलेली पट्टी बांधलेला, साखळदंडांत जखडलेला तो पुरुष चाचपडत पुढे येतो. तो कोण हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही.

आता १९१२ पूर्वीचा पुरावा पाहू. खाटीकखान्याच्या चित्रांचा उल्लेख वर आलाच आहे. १८९६ च्या आत्मचित्रात चेहरा घट्ट रंगवलेला असला तरी खिडकीबाहेरची छपरे पातळ, वेगाने फिरवलेल्या रंगात सोडून दिली आहेत. पुढच्या दशकात ही मोकळीक पार्श्वभूमीवरून कपड्यांवर आणि कपड्यांवरून चेहऱ्यावर येत गेलेली दिसते. म्हणजे वाट आधीच धरलेली होती. आजाराने त्या वाटेवरचा धीमेपणा काढून टाकला आणि चुका झाकण्याची सोय नाहीशी केली. थरथरत्या हाताला कड गुळगुळीत करता येत नाही, म्हणून कडच सोडून द्यावी लागते. पण थरथर हे कारण पुरेसे नाही. हात कापणारे चित्रकार पुष्कळ झाले, ते सगळे काही वालचेनसे सरोवराची चित्रे रंगवू शकले नाहीत. बव्हेरियातील या सरोवराकाठी, उर्फेल्डला, कुटुंबाने १९१९ मध्ये घर उभारले आणि तेथील निसर्गचित्रांतून कोरिंटचे रंग जे उजळले त्यात शरीराच्या दुबळेपणाचा मागमूस नाही. आयुष्याच्या शेवटच्या वर्षी त्याने लिहून ठेवले की, खरी कला म्हणजे अवास्तवाचा सराव करणे. हे विधान विचार करून केलेले आहे, ते रोगाचे लक्षण म्हणून बाजूला सारता येत नाही.

मेंदूतज्ज्ञांनीही या चित्रांचा अभ्यास केला आहे. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की डाव्या बाजूच्या जगाकडे लक्ष कमी जाऊ शकते. आरशात पाहून केलेल्या आत्मचित्रात चित्रकाराची डावी बाजू कॅनव्हासवरही डावीकडेच येते, म्हणून नंतरच्या चेहऱ्यांचा तो अर्धा भाग तपासण्याजोगा ठरतो. हे निरीक्षण उपयुक्त आहे, पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. चेहऱ्याची एक बाजू का विरघळली हे त्यातून कदाचित कळेल, ती विरघळलेली बाजू पाहून आपण चित्रापुढून का हलत नाही हे कळणार नाही.

या दंतकथेचा आणखी एक इतिहास आहे आणि व्याख्यात्याने तो सांगायला हवा होता. नाझी राजवटीने नेमकी हीच रेषा आखली होती. पक्षाघातापूर्वीचा कोरिंट चालण्यासारखा आणि नंतरचा विकृत, अशी त्यांची विभागणी होती. १९३७ मध्ये जर्मन संग्रहालयांतून त्याच्या २९५ कलाकृती जप्त करण्यात आल्या आणि १९२५ मध्ये रंगवलेले ‘एक्के होमो’ (‘पाहा हा माणूस’, म्हणजे लोकांपुढे उभा केलेला बंदिवान ख्रिस्त) म्युनिकच्या ‘विकृत कला’ प्रदर्शनात टांगण्यात आले. ते चित्र १९३९ मध्ये बाझेलच्या संग्रहालयाने विकत घेतले म्हणून वाचले. आजाराने चित्रकार घडला असे म्हणणारा आणि आजाराने चित्रकार बिघडला असे म्हणणारा, दोघेही कॅनव्हासकडे न पाहता वैद्यकीय अहवाल वाचतात.

प्रश्न : त्याच्या उत्तरकाळातील आत्मचित्रांपैकी एकच पाहायचे झाले तर कोणते पाहावे? (तेच वाचक)

उत्तर : १९२४ चे वालचेनसे सरोवरापुढचे मोठे आत्मचित्र, जे म्युनिकमध्येच आहे. छापील प्रतीत पाहणार असाल तर डोळ्यांभोवतीचा भाग मोठा करून पाहा. तेथे वेगवेगळे फटकारे एकमेकांत मिसळलेले नाहीत, आणि डोंगर ज्या जाड रंगाने उभे राहतात त्याच रंगाने गालही उभे राहतात. पुढच्या वर्षी रेम्ब्राँट आणि हाल्स यांची चित्रे पुन्हा पाहण्यासाठी तो हॉलंडला गेला असताना १७ जुलै १९२५ रोजी झांडवोर्ट येथे त्याचे निधन झाले. त्या वर्षीचे आत्मचित्र त्याने आधीच पूर्ण केले होते. ते झ्युरिखच्या कुन्स्टहाऊसमध्ये आहे.