सुट्टीवर आलेल्या फौजीला गावच्या निवडणुकीत प्रचार करता येतो का?

भाऊ सैन्यात आहे, सुट्टीवर आलाय, वडील सरपंचपदाला उभे आहेत. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, मग तो चार घरं फिरला तर काय बिघडतं, असं तुम्ही विचारलंय.

बिघडतं. चिन्हाची पळवाट आमच्या दादानेही मला ऐकवली होती. आर्मी रूल्स 1954 चा नियम 20 बघा. राजकीय सभेला जायचं नाही, भाषण करायचं नाही, वर्गणी द्यायची नाही, कुठल्याही उमेदवाराचं काम करायचं नाही. निवडणूक संसदेची असो, विधानसभेची की स्थानिक संस्थेची. आणि सुट्टीवर आला म्हणून माणूस आर्मी अ‍ॅक्टमधून सुटत नाही.

2017 ला सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं आणि आमच्या गावात सगळ्यांच्या अंगात आलं. दादा उभा राहिला. मी तेव्हा सैन्यात हवालदार. सुट्टीवर आलो, एसटीतून उतरलो तर समोर फ्लेक्सवर मी! माजघरातल्या भिंतीवरचा युनिफॉर्ममधला फोटो कुणीतरी मोबाइलवर काढून छापायला दिला होता. काचेवर पडलेली ट्यूबलाइटची चमकसुद्धा तशीच, माझ्या छातीवरच्या रिबनींवर आडवी. शेजारी हात जोडलेला दादा, खाली कपबशी आणि ‘देशरक्षकाचा भाऊ, गावाचा रक्षक’. बॅग खांद्यावर होती तशीच ठेवून मी घरी गेलो आणि म्हटलं, आधी हे उतरवा.

दादा म्हणाला, “तुला काय लगेच कोर्ट मार्शल करतायत? व्ही. के. सिंग साहेब लष्करप्रमुख होते, ते खासदार झालेच की!” अरे, ते मे 2012 ला निवृत्त झाले, पक्षात गेले 2014 ला, मग गाझियाबादमधून निवडून आले. पेन्शनीत गेल्यावर मीही उभा राहीन, कोण अडवतंय? पण अंगावर वर्दी असताना नाही. पलटणीत माझ्या हाताखाली सगळ्या पक्षांच्या घरांतली पोरं होती. त्यातल्या एकाने हा फोटो बघितला असता तर मी त्याला कुठल्या तोंडाने ऑर्डर दिली असती?

फ्लेक्स कुणी उतरवेना. शेवटी मीच विळ्याने दोऱ्या कापल्या, भर चौकात, विरुद्ध पॅनेलची माणसं बघत असताना. दादा पडला. तेव्हापासून भावकीत एकच पालुपद: सख्ख्या भावाने पाडलं. वहिनी अजून माझ्याशी मोजकंच बोलते. दादाला लोकांनी का पाडलं हे पाण्याच्या टाकीकडे बघितलं की कळतं, पण तो विषय घरात काढायचा नाही.

2019 च्या लोकसभेआधी निवडणूक आयोगाने पक्षांना पुन्हा बजावलं, की जवानांचे फोटो प्रचारात वापरू नका. पहिल्यांदा 2013 लाच सांगितलं होतं. ती बातमी मी दादाला पाठवली. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

तर तुमच्या वडिलांना सांगा, मुलाचा फोटो नको, ‘फौजीचे वडील’ हा मथळा नको, अर्ज भरायच्या मिरवणुकीत त्याला पुढे उभं करणं तर नकोच. रुसले तर रुसू द्या. भावानेही व्हॉट्सअ‍ॅपला स्टेटस ठेवू नये. विरोधक स्क्रीनशॉट काढून थेट युनिटला तक्रार करतात.

आता तेवढ्यावरून नोकरी जाईलच असं मी म्हणत नाही, ते प्रकरणावर आणि सीओ साहेबांवर, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरवर. आणि घरच्या बाकीच्यांना हा नियम लागू नाही, तुम्ही खुशाल फिरा. मत द्यायलाही फौजीला बंदी नाही. लोकसभा-विधानसभेला सर्व्हिस व्होटर म्हणून नोंद असली की मतपत्रिका ऑनलाइन येते, ती भरून टपालाने परत पाठवायची. मी सांगतोय ते आर्मीचं. बीएसएफ, सीआरपीएफचे कायदे वेगळे आहेत, पण प्रचाराचं तिथेही कुणी खपवून घेत नाही.

आणि दादा, तुझ्या पोराने तुला हे दाखवलंच तर खाली कमेंट कर. फोन उचलत नाहीस म्हणून इथे लिहिलंय.