हायवे सोडून जरा आत वळ

पहिल्यांदाच गाडीने राजस्थानला चाललायस ना, मग नुसते किल्ले करत बसू नकोस. जयपूरहून आग्र्याकडे जाताना दौसाच्या पुढे सिकंदरा लागतं, तिथून आभानेरीला वळ, चांद बावडी ही जुनी पायऱ्यांची विहीर बघ, साधारण 3500 पायऱ्या, तीन बाजूंनी त्रिकोणच त्रिकोण खाली उतरत जातात, सकाळी गेलास तर सावल्या जबरदस्त पडतात, आणि शेजारचं हर्षत माता मंदिर प्लीज चुकवू नकोस, तिथले कोरीव दगड लोक बघतच नाहीत यार. पाली-जोधपूर रस्त्यावर अपघातात गेलेल्या आणि आता लोक देव मानतात त्या ओम बन्नाची बुलेट मोटरसायकल काचेत ठेवलीय, रोज पूजा होते, टिंगल अजिबात नको, लोकांची खरी श्रद्धा आहे. दिल्लीकडून जाणार असशील तर हरियाणात मुघलांचे कोस मिनार, म्हणजे रस्त्याचं अंतर दाखवणारे जुने मनोरे, शोध, काही तर शेतातच उभे आहेत. सगळ्याचे पिन मॅपवर आधीच टाकून ठेव.